उणे सत्तरची पेटी

नसीरभाई मुलाणी आमच्या कंपनीची गाडी चालवतात. राहणार कामशेत, वय चौपन्न, अंगानं किरकोळ. त्याआधी एकवीस वर्षं त्यांनी कामशेत ते पवनानगर जीप चालवली. त्या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात त्यांचं नाव काढलं की चहा मिळतो. मी भाजे गावची. माझी मावशी पवनानगरला असते, त्यामुळे लहानपणी मीही त्यांच्या जीपमध्ये मागे, शेळ्यांच्या शेजारी बसून गेलेली आहे. म्हणून कंपनीत सगळे मला सारिका मॅडम म्हणतात आणि ते पोरी म्हणतात.

कंपनी लहानशी. कान्हे फाट्याच्या पुढं, पत्र्याच्या छपराखाली बावीस माणसं. हृदयविकाराचा झटका आलाय का, हे रक्ताच्या दोन थेंबांवरून सांगणारा किट आम्ही बनवतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. किट ते पकडतो. पण किट बरोबर पकडतो की नाही, हे तपासायला खरं ट्रोपोनिन हातात लागतं, आणि ते माणसाच्या हृदयातूनच शुद्ध करून काढलेलं असावं लागतं. मेल्यावर देह दिलेल्या माणसांच्या, पण दुसऱ्याला बसवता न आलेल्या हृदयांपासून परदेशातली एक प्रयोगशाळा ते काढते. चार-पाच महिन्यांतून एकदा एक थर्मोकोलची पेटी विमानानं येते. आत सुका बर्फ, आणि बर्फाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढ्या चार नळ्या. मुंबईहून ती पेटी आणायचं काम नसीरभाईंचं, आणि उतरवून घेऊन फ्रीझरमध्ये ठेवायचं माझं.

पेटीच्या बाहेर एक छोटा आकडा दिसतो, आतलं तापमान. कागदावर अट अशी, की ते उणे सत्तर किंवा त्याहून थंड असावं. उणे साठच्या वर चढलं की माल संशयास्पद. ट्रोपोनिन वितळलं की आतल्या आत तुटायला लागतं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी दहाला त्यांचा फोन आला.

"पोरी, घाटात अडकलोय. म्होरं टँकर उलटलाय म्हनत्यात."

"आकडा किती आहे?"

"शहात्तर हाय. पर पेटी हलकी लागती हाताला. गेल्या टायमाला दोन्ही हातांनी उचलली व्हती, आज एका हातानं आली."

पेटी कागदपत्रांसाठी विमानतळावर दोन दिवस जास्त पडून होती. सुका बर्फ वितळत नाही, त्याचा सरळ वायू होऊन उडून जातो. म्हणजे दोन दिवसांचा बर्फ कमी झाला होता, आणि किती उरलाय ते पेटी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. पेटीला परदेशातल्या प्रयोगशाळेचं सील होतं. ते फक्त आमच्या कंपनीत, माधवी मॅडमसमोर कापायचं, असा नियम. माधवी मॅडम म्हणजे आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. त्या दिवशी त्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होत्या आणि त्यांचा फोन बंद होता.

"काच खाली आहे ना?" मी विचारलं. तो वायू बंद गाडीत साठला तर माणूस गुदमरतो.

"दोन्ही काचा खाली हायेत. ऊन येतंय नुसतं. पेटीवर माझा सदरा टाकलाय, मी बनियनवर बसलोय."

त्यानंतर दर अर्ध्या तासानं आकडा कळवायचा असं आम्ही ठरवलं. अकराला चौऱ्याहत्तर. साडेअकराला एकाहत्तर. उण्यातला आकडा जितका लहान, तितकी पेटी गरम. मी एका कागदावर लिहीत गेले आणि लिहिताना प्रत्येक वेळी वरच्या ओळीकडे बघत होते, जणू बघितल्यानं आकडा परत मोठा होईल.

सुका बर्फ आमच्याकडे साठवलेला नसतो. चाकणहून मागवावा लागतो, आणि शनिवारी तिथं कुणी फोन उचलेना. लोणावळ्यातल्या दोन आइस्क्रीमवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, आमच्याकडं साधा बर्फ आहे, हवा तेवढा न्या. कामशेतच्या मासळीवाल्यानंही तेच सांगितलं. पण साधा बर्फ शून्यावर असतो. उणे सत्तरच्या पेटीत तो घालणं म्हणजे गरम पाणी ओतल्यासारखंच. हे मी त्यांना समजावून सांगत बसले.

साडेबाराला नसीरभाईंचा फोन आला तेव्हा आकडा अडुसष्ट होता. अट मोडली होती.

"आता खंडाळ्यातनं आत वळतोय," ते म्हणाले. "पर लोणावळ्यात बी गाड्याच गाड्या हायेत. हितनं कान्ह्याला यायला दोन तास तरी मोडतील."

"लोकलनं येता येईल का?"

"इचारलं. दुपारच्याला लोकल न्हाई, तीननंतर हाय."

फोनमधून हॉर्न ऐकू येत होते आणि कुणीतरी चिक्की घ्या, चिक्की घ्या म्हणत होतं.

पुढचं मला नंतर कळलं. नसीरभाईंच्या बायकोचा, मेहमुदाचाचींचा, फोन मध्येच आला. तुम्ही जेवलात का, एवढंच विचारायला. ते एरवी घरी कामाचं काही सांगत नाहीत. त्या दिवशी सांगितलं, की सुका बर्फ हवाय, नाहीतर पेटी वाया जाईल. चाचींनी थोडा विचार केला.

"आपल्या फरदीनच्या लग्नात नवरा-नवरी आले तवा खाली पांढरा धूर सोडला व्हता," त्या म्हणाल्या. "माज्या पायाला लागला तर गार पडले पाय. बर्फाचाच व्हता का वो त्यो?"

फरदीन म्हणजे नसीरभाईंचा पुतण्या. त्याच्या लग्नाचं डेकोरेशन लोणावळ्यातल्या कोमल नावाच्या बाईनं केलं होतं. नंबर फरदीनकडून मिळाला. कोमलताई त्याच वेळी तुंगार्लीच्या एका रिसॉर्टवर संध्याकाळच्या लग्नाची तयारी करत होत्या. नसीरभाई एक वाजता तिथं पोचले आणि मला फोन करून म्हणाले, "पोरी, फोन चालू ठेव. बोलू नको, नुसतं ऐक."

मी ऐकत होते.

"कशाला पाहिजे म्हणालात?" बाईचा आवाज.

"ह्या पेटीत औषधाचं सामान हाय ताई. मानसाच्या हृदयातनं काढलेलं. गरम झालं तर संपलं."

"हृदय आहे आत?"

"हृदय न्हाई. त्यातलं एक प्रथिन हाय, चार थेंब. त्याच्यावरनं झटका आला का न्हाई ते तपासायचा किट बनतोय."

मग त्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे वीस किलो आहे. सगळा नाही देता येणार, नवरीची एन्ट्री साडेसातला आहे आणि तिच्या वडलांनी धूर हवाच म्हणून सांगितलंय. आठ किलो घ्या. हातमोजे घाला, कातडी सोलून निघते."

माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. पण अर्धंच. कारण आता ती पेटी उघडावी लागणार होती.

नसीरभाई फोनवर आले. "त्रेसष्ट झालाय. सील कापायचं हाय. काय करू?"

मी तीन वेळा माधवी मॅडमना फोन लावला. बंद. मालकांना लावला, त्यांनी कापला, मीटिंगमध्ये आहे असा संदेश आला. सील कापलं तर माल नाकारला जाऊ शकतो. नाही कापलं तर माल नक्की खराब होणार. हे मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून हो निघेना. मला नोकरीला दोन वर्षं झाली होती. घरी भाऊ शिकतोय. कापा म्हटलं आणि उद्या काही झालं तर कागदावर माझं नाव येणार होतं.

"नसीरभाई," मी म्हणाले, "मला... मला नाही सांगता येणार."

त्यांनी म्हटलं, "बरं. तू काय बोलली न्हाईस, मी काय ऐकलं न्हाई." आणि फोन बंद केला.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. समोरचा फ्रीझर घुर्रघुर्र करत होता. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

सव्वाचार वाजता गाडी आत आली. सदरा अजून पेटीवरच होता. आकडा होता शहात्तर. पण त्या यंत्रात सगळी नोंद राहते. सील कापून बर्फ भरेपर्यंत आकडा सत्तावन्नला जाऊन आला होता. अकरा मिनिटं. मी नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि वेगळ्या खणावर लाल चिठ्ठी लावली. नसीरभाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे फोड आले होते. हातमोजा फाटका होता म्हणाले.

रविवारी सुट्टी असूनही माधवी मॅडम आल्या. मीही गेले. नसीरभाई आमच्या आधीच येऊन पायरीवर बसले होते, बोटांना फडकं बांधून.

"सील कुणी कापलं?" मॅडमनी विचारलं.

"मी," नसीरभाई म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"कुनालाच न्हाई. तुमचा फोन लागत नव्हता."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

नसीरभाई माझ्याकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते. मला गप्प राहता आलं असतं.

"हो मॅडम. त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही."

"ते नाही म्हणण्यापेक्षा वाईट आहे," मॅडम म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्यांचं बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

तपासणी अशी असते: चारांतली एक नळी वितळवायची, मागच्या खेपेच्या जपून ठेवलेल्या चांगल्या नळीशेजारी जेलच्या पातळ वडीवर तिचा थेंब सोडायचा, आणि वीज लावायची. प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे पुढं सरकतात आणि त्यांच्या पट्ट्या बनतात. धड ट्रोपोनिन असेल तर पट्ट्या ठरलेल्या जागी दिसतात. तुटलं असेल तर खाली पुसट रेघा येतात. त्यानंतर तोच माल किटवर घालून पाहायचा. सगळ्याला संध्याकाळ होणार होती. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं. पेटीच्या प्रकरणात मी गुंतले होते, म्हणून तपासणीला माझा हात नको.

मी पायरीवर नसीरभाईंच्या शेजारी बसले. ऊन डोक्यावर आलं तसं आम्ही भिंतीच्या सावलीकडे सरकत गेलो. चाचींनी डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं होतं. दोघांनाही खाववेना.

"तुम्ही कशाला कापलंत हो?" मी शेवटी विचारलं. "गरम झालं असतं तर विमानतळाचा दोष निघाला असता. तुमच्यावर काही आलं नसतं."

ते बराच वेळ बोटांवरचं फडकं नीट करत राहिले. मग त्यांनी मला भिमाजी आबांची गोष्ट सांगितली.

भिमाजी पवना धरणाच्या कडेला मासे धरायचे आणि रोज पहिल्या जीपनं कामशेतच्या बाजाराला जायचे. त्यांची जागा ठरलेली, पुढं, नसीरभाईंच्या शेजारी. नऊ वर्षांपूर्वी एके सकाळी ते घामानं भिजलेले आले. टोपलीही आणली नव्हती. छातीत जळजळतंय म्हणाले. नसीरभाईंनी त्यांना कामशेतला एका दवाखान्यात नेलं. तिथं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टी साफ आहे, पित्त असेल, असं सांगून गोळी दिली. रक्त तपासायचं असेल तर तळेगावला जावं लागेल, पण एवढी घाई नाही, असंही म्हणाले.

"आबा म्हनले, आता बरं वाटतंय, घरी सोड. मी इचारलं, तळेगावला जाऊ का? न्हाई म्हनले. मी बी सोडून दिलं. जीप भरली व्हती, लोकं वाट बगत व्हती."

ते सावलीत आणखी आत सरकले.

"बेडसे फाट्याच्या म्होरं त्यांनी माज्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं डोळा लागला. रातभर झोप नसंल. म्हनून मी गाडी हळू घेतली. खड्डे चुकवत. मागची लोकं वरडत व्हती, अरं नसीर, बैलगाडी हाय का ही. मी म्हनलं, गप बसा, आबा झोपलेत. पवनानगरला आल्यावर म्हनलं, आबा, उतरा."

मला पुढचं विचारावं लागलं नाही.

"आठ किलोमीटर, पोरी. त्यात कुटवर व्हते आन् कुटं गेले, मला म्हाईत न्हाई. त्यानंतर त्या सीटवर मी कुनाला बसू दिलं न्हाई. मग जीपच इकली. हितं लागलो तवा मला नुसतं गाडी चालवायची म्हनून सांगितलं व्हतं. किट कशाचा हाय ते सहा म्हैन्यांनी कळलं. माधवी मॅडम कुनाला तरी सांगत व्हत्या, की पट्टी साफ असली तरी ह्याच्यात कळतंय. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो न्हाई."

समोरच्या रस्त्यावरून कुठलीतरी गाडी गेली. मी डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डाव्या हातानं घेतली. आम्ही थोडं खाल्लं.

साडेपाचला मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. हातात जेलचा फोटो होता. त्यांनी तो आम्हाला दोघांना दाखवला, नसीरभाईंनाही, बोटानं समजावून. डावीकडे जुनी नळी, उजवीकडे ही. पट्ट्या सारख्या. खाली काही नाही.

"तुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "किटवरही बरोबर आलंय."

नसीरभाईंनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. मी रडायच्या बेतात होते, पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं.

"तरी किटचं माप ठरवायला हे वापरता येणार नाही. सील रस्त्यात उघडलंय, बर्फ लग्नाच्या मांडवातला आहे. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? हे फक्त संशोधनाला जाईल. मापासाठी नवीन पेटी मागवावी लागेल."

म्हणजे दीड-दोन महिने. नवा किट जूनमध्ये निघायचा होता, तो पावसाळ्यानंतर निघाला. मालक चिडले. नसीरभाईंना लेखी समज मिळाली, मलाही मिळाली. त्यांची इंग्रजीत होती. त्यांनी ती माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, वाच. मी वाचून दाखवली. शब्द कडक होते, मी एकही मऊ केला नाही. त्यांनी तसं बजावलं होतं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बरोबर लिवलंय," आणि सही केली. पण त्याच आठवड्यात मॅडमनी नियमही बदलला. आता प्रत्येक खेपेला गाडीत दहा किलो सुका बर्फ जास्तीचा असतो, आणि अडचणीत पेटी कुणी उघडायची त्याचं नाव आधीच कागदावर लिहिलेलं असतं. पहिल्या खेपेला मॅडमनी ते नाव माझं लिहिलं. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी सही केली.

उरलेल्या तीन नळ्या संशोधनाच्या खणात गेल्या. त्यातल्या एकीवर आम्ही किटमधल्या ट्रोपोनिन पकडणाऱ्या रसायनाची नवी खेप तपासली, तेव्हा ते फार कमी ट्रोपोनिन असलं तर पकडत नाही असं दिसलं. झटक्याच्या पहिल्या तासात रक्तात फार कमीच असतं. मॅडमनी ती खेप परत पाठवली. हे नसीरभाईंना मीच सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "मला एकदा दाखवशील का ते?"

चार वर्षं त्यांनी त्या पेट्या आणल्या होत्या, पण आतलं कधी पाहिलं नव्हतं. मी मॅडमची परवानगी घेतली. वापरून झालेल्या नळीत तळाला थोडं राहिलं होतं, ते टाकायचंच होतं. मी त्यांना टोपी, कोट, हातमोजे घातले. नळी उजेडात धरली. तळाशी एक थेंब, पाण्यासारखा. रंग नाही, काही नाही.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"हे कुनाचं असंल?"

सोबतच्या कागदावर नाव नसतं. मी त्यांना होतं ते वाचून दाखवलं: पुरुष, वय सेहेचाळीस, संसर्गाच्या सगळ्या चाचण्या निर्दोष.

"सेचाळीस," ते म्हणाले. "त्याच्या घरच्यांना म्हाईत असंल का, हितं मावळात आलाय म्हनून?"

"नसेल. त्यांनी देह दिला, पुढं काय झालं ते त्यांना कुणी कळवत नाही."

ते थेंबाकडे बघत राहिले. मग हातमोज्यातलं बोट त्यांनी नळीच्या काठाला अगदी हलकं लावलं, झोपलेल्या लेकराच्या अंगाला लावावं तसं, आणि लगेच मागं घेतलं. टाकायची नळी रीतसर नष्ट करण्याच्या डब्यात जाते. तो डबा कुठं आहे हे त्यांनी विचारून घेतलं, आणि झाकण मी उचललं तेव्हा नळी त्यांनी स्वतः आत ठेवली, टाकली नाही.

बाहेर येऊन त्यांनी कोट घडी करून माझ्याकडे दिला आणि घड्याळ बघितलं. तीन वाजता त्यांना देहूरोडला रिकामे खोके पोचवायचे होते.